लाटेवर उभी राहिलेली अगाथा

अगाथा ख्रिस्ती म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? पांढऱ्या केसांची, जरा स्थूल, गळ्यात मोत्यांची माळ घातलेली एक आजीबाई. समोर टाइपरायटर, शेजारी चहाचा कप आणि डोक्यात कुणाला तरी विष घालण्याचा बेत! गावातल्या वाचनालयात रहस्यकथांच्या कपाटात तिचे मराठी अनुवाद असतात. दुपारची कामं आटोपली की आपल्यापैकी कितीजणी ते घेऊन बसतात आणि खुनी कोण हे कळेपर्यंत उठत नाहीत.

पण मैत्रिणींनो, याच बाईचे १९२२ सालचे काही फोटो आहेत. त्यात ती एकतीस वर्षांची आहे. अंगात पोहण्याचा पोशाख, केस ओले, शेजारी तिच्याहून उंच लाकडी फळी आणि चेहऱ्यावर शाळेतल्या मुलीसारखं हसू. ही फळी म्हणजे सर्फबोर्ड. समुद्राच्या लाटेवर फळी टाकायची, लाटेच्या जोरावर किनाऱ्याकडे सुसाट यायचं आणि जमलं तर त्या पळत्या फळीवर उभं राहायचं, हा तो सर्फिंगचा खेळ. उभ्यानं सर्फिंग करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या इंग्रज माणसांत आज अगाथाचं नाव घेतलं जातं. रहस्यकथांची राणी होण्याच्या कितीतरी आधी ती लाटेवर उभी राहिली होती.

पाण्याची ओढ

अगाथाचा जन्म १५ सप्टेंबर १८९० चा. इंग्लंडच्या दक्षिणेला डेव्हन परगण्यात टॉर्की नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथे तिचं बालपण गेलं. घराचं नाव ॲशफिल्ड. वडील अमेरिकन, स्वभावानं आरामशीर. आई क्लारा मात्र चतुर आणि जरा विक्षिप्त. आठ वर्षांची होईपर्यंत मुलीला वाचायला शिकवायचं नाही, असं या आईनं ठरवलं होतं. अगाथानं पाचव्या वर्षीच आपलं आपण वाचायला शिकून आईचा बेत हाणून पाडला! ती अकरा वर्षांची असताना वडील गेले. पैशांची ओढाताण सुरू झाली. मोठी बहीण मॅज लग्न होऊन गेली, भाऊ माँटी दूरदेशी. घरात उरल्या मायलेकी. त्या दोघींची माया मग शेवटपर्यंत तशीच घट्ट राहिली.

टॉर्कीला तेव्हा बायकांनी पुरुषांच्या सोबत समुद्रात उतरायचं नाही, असा दंडक होता. बायकांची खाडी वेगळी. तिथे चाकांवरच्या लाकडी खोल्या असत. खोलीत शिरायचं, दार लावून कपडे बदलायचे. मग एक म्हातारा रखवालदार ती खोली पाण्यापर्यंत खाली सोडायचा आणि बाई पलीकडच्या दारानं थेट पाण्यात. अंगात गुडघ्याखालपर्यंत आलेला, झालरी लावलेला, कोपरही झाकणारा जाड कापडाचा झगा. असल्या झग्यात पोहणं म्हणजे नऊवारी नेसून विहिरीत सूर मारण्यासारखंच. तरी अगाथा पोहायची. एकदा तर बुडता बुडता वाचली, पण पाण्याची ओढ काही सुटली नाही.

१९१४ साली, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, नाताळच्या आदल्या दिवशी तिनं आर्ची ख्रिस्ती या देखण्या वैमानिकाशी लग्न केलं. आर्चीचा जन्म आपल्याकडचा, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातला. त्याचे वडील इथे ब्रिटिशांच्या नोकरीत होते. नवरा आघाडीवर आणि ही टॉर्कीच्या इस्पितळात जखमी सैनिकांची शुश्रूषा करतेय, असा संसार सुरू झाला. पुढे ती तिथल्याच औषधालयात कामाला लागली. कुठलं औषध किती थेंबांनी विष होतं, हे तिला तिथे कळलं. त्याच दिवसांत तिनं पहिली रहस्यकथा लिहिली. प्रकाशकांचे नकार पचवून ती १९२० मध्ये छापून आली आणि हातात पडले अवघे पंचवीस पौंड. तोवर, १९१९ च्या ऑगस्टमध्ये, मुलगी झाली होती, रोझलिंड.

लेकीला ठेवून जायचं?

१९२२ उजाडलं तेव्हा ख्रिस्ती कुटुंब लंडनमधलं एक साधं मध्यमवर्गीय कुटुंब होतं. अशात आर्चीच्या ओळखीचे मेजर बेल्चर एक प्रस्ताव घेऊन आले. लंडनमध्ये १९२४ साली ब्रिटिश साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं. त्याच्या तयारीसाठी जगभरच्या वसाहतींचा दौरा करायचा आणि आर्चीनं पैशांचा हिशोब सांभाळायचा. मोबदला एक हजार पौंड. त्या रकमेत अगाथाच्या प्रवासाचा खर्च निघणार होता आणि वाटेत हवाई बेटांवर महिनाभर सुटीही मिळणार होती. पण आर्चीला नोकरी सोडावी लागणार, आणि परत आल्यावर ती मिळेल याची काहीच हमी नाही. दौरा जवळपास वर्षभराचा. आणि रोझलिंड जेमतेम अडीच वर्षांची.

आता सांगा, आपल्यापैकी कुणी काय केलं असतं? आजही बाईनं चार दिवस मैत्रिणींबरोबर सहलीला जायचं म्हटलं तर मुलांचं काय, हा प्रश्न आधी येतो. ही तर शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. बहीण मॅज रागावलीच. भाऊ आफ्रिकेतून आजारी होऊन परततोय आणि ही खुशाल जगप्रवासाला निघाली, असं तिचं म्हणणं. आईनं मात्र लेकीची बाजू घेतली. बायकोची जागा आधी नवऱ्याशेजारी, फार दिवस दूर राहिलं की नवरा दुरावतो, असं क्लाराचं मत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते परत येणार आहे. अखेर रोझलिंडला आजी आणि मावशीकडे सोपवून २० जानेवारी १९२२ ला अगाथा बोटीत बसली.

आणि बसल्या बसल्या बोट लागली! उलट्यांनी ती इतकी बेजार झाली की मदिरा बेट आल्यावर इथेच उतरावं आणि घरी जावं, असं तिला वाटायला लागलं. समुद्रानं पहिल्याच आठवड्यात जिला आडवं केलं, ती त्याच समुद्रावर उभी कशी राहिली, ही पुढची गंमत.

पहिले धडे पोटावर

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ म्युझेनबर्ग नावाचा किनारा आहे. मऊ वाळूचा, दूरपर्यंत उथळ, ओळीनं येणाऱ्या लाटांचा. नवशिक्यांसाठी याहून चांगली शाळा नाही. कामातून सवड मिळाली की अगाथा आणि आर्ची आगगाडीनं तिथे जायचे आणि फळ्या घेऊन पाण्यात उतरायचे.

तिथल्या फळ्या आखूड, पातळ आणि हलक्या लाकडाच्या. त्यावर उभं राहायचं नसतं, पोटावर झोपायचं असतं. कमरेइतक्या पाण्यात किनाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, फळी पोटाशी धरायची आणि मान वळवून मागे बघत राहायचं. फुटलेली पांढरी लाट अगदी जवळ आली की तळाला पाय रेटून पुढे झेप घ्यायची. लाटेचा वेग आणि आपला वेग जुळला की लाट आपल्याला उचलून घेते. झेप लवकर घेतली तर लाट येईस्तोवर आपण थांबलेले असतो, उशिरा घेतली तर लाट डोक्यावरून निघून जाते. चालत्या एसटीचा दांडा पकडणाऱ्यांना हे बरोबर समजेल.

दुसरी मेख फळीच्या टोकात. शरीर फार पुढे सरकलं की टोक पाण्यात घुसतं, फळी तिथेच रुतते आणि वरचं माणूस तोंडावर वाळूत. अगाथाला हा प्रसाद बऱ्याचदा मिळाला. नाकातोंडात वाळू, अंगाला खरचटलेलं. पण थोड्याच दिवसांत दोघांना युक्ती जमली. वजन थोडं मागे, टोक पाण्याच्या जरासं वर, हात घट्ट. हा खेळ सोपा आहे आणि मजेचाही, असं मत करून घेऊन ती पुढच्या प्रवासाला निघाली.

वायकिकीचा दणका

ऑस्ट्रेलिया झालं, न्यूझीलंड झालं. बेल्चरसाहेबांची तिरसट मर्जी सांभाळता सांभाळता सगळे थकले. ऑगस्टमध्ये अगाथा आणि आर्ची सुटीसाठी हवाई बेटांवर, होनोलुलूला पोचले. तिथला वायकिकी किनारा म्हणजे सर्फिंगचं माहेरघर. हवाईच्या लोकांचा हा शेकडो वर्षांचा खेळ. राजे खेळत, तशा राण्या आणि साध्या घरच्या बायकाही खेळत. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगराईनं बेटांवरची माणसंच घटली, मिशनऱ्यांनीही असल्या खेळांकडे नाक मुरडलं आणि सर्फिंग मागे पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पुन्हा बहरलं. त्यात ऑलिंपिकची सुवर्णपदकं जिंकणारा हवाईचा जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याचा वाटा मोठा.

हॉटेलच्या खिडकीतून लाटांवर पळणारी माणसं दिसली आणि या जोडप्याला धीर धरवेना. आपल्याला येतंच की, म्हणून दोघं भाड्यानं फळ्या घेऊन धावलेच. पण म्युझेनबर्गची शाळा इथे चालेना. इथल्या फळ्या भरीव लाकडाच्या, लांबलचक आणि जडशीळ. लाटाही किनाऱ्यालगत नाहीत. दूरवर जिथे प्रवाळाचा खडक पाण्याखाली आहे, तिथे फुटणाऱ्या. तिथवर फळीवर पालथं झोपून हातांनी पाणी वल्हवत जायचं. त्यातून तो दिवस समुद्र खवळलेला होता. जाणकारांनीच उतरावं, असा. हे दोघांना ठाऊक नव्हतं. पहिल्याच लाटेनं अगाथाला उलथून टाकलं, पोटात खारं पाणी गेलं आणि फळी निघाली दूर वाहून. एका अमेरिकन तरुणानं ती आणून दिली आणि आज घरी जाणंच बरं, असा सल्लाही दिला.

मग रोजची शिकवणी सुरू झाली. प्रवाळ सुरीसारखं धारदार असतं. त्यावर पाय टेकला की रक्त. पायाचे तळवे असे कापले गेले की दोघांनी मऊ चामड्याचे बूट घेतले. उन्हानं खांदे आणि पाठ भाजून निघाली. आर्ची तर अंग झाकायला चक्क पायजमा-सदरा घालून पाण्यात उतरू लागला! अगाथाचा रेशमी पोशाख एका लाटेनं वरपासून खालपर्यंत फाडला. बिचारी अंग झाकत कशीबशी किनाऱ्यावर आली. मग हॉटेलच्या दुकानातून तिनं पाचूसारख्या हिरव्या रंगाचा लोकरीचा पोशाख विकत घेतला. तो तिचा इतका लाडका झाला की म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना तिला त्याचा रंगसुद्धा आठवत होता. तो आपल्याला शोभून दिसतो हेही तिनं मोकळेपणी लिहून ठेवलंय.

पैसे संपत आले म्हणून हॉटेल सोडून दोघं स्वस्त बंगलीत राहायला गेले. वल्हवून वल्हवून खांद्यात आणि दंडात अशा कळा येऊ लागल्या की पहाटेच जाग यायची. तरी सकाळी फळी खांद्यावर!

आणि ती उभी राहिली

वायकिकीला तिनं तीन गोष्टी शिकून घेतल्या. आजही नवशिक्यांना याच क्रमानं शिकवतात.

पहिली गोष्ट, लाट ओळखणं. येणारी प्रत्येक लाट आपली नसते. काही लाटा फुगतात आणि किनाऱ्याला पोचायच्या आत विरून जातात. काही आपल्यापर्यंत यायच्या आधीच फुटतात आणि आपल्याला धोबीपछाड घालतात. या दोन्ही जाऊ द्यायच्या. फळीवर पालथं पडून, मान वळवून वाट बघायची. सुरुवातीला हवाईची पटाईत मुलं शेजारी येऊन तिला योग्य लाट आली की खूण करायची, फळीला रेटाही द्यायची. हळूहळू तिला स्वतःला ती लाट ओळखू यायला लागली.

दुसरी गोष्ट, लाटेच्या आधी वेग घेणं. हवी ती लाट दिसली की फळीचं टोक किनाऱ्याकडे वळवून जीव तोडून वल्हवायचं. लाट फळीखाली शिरून तिला उचलते, तो क्षण अंगाला कळतो. मागून कुणीतरी ढकलल्यासारखी फळी एकदम पळू लागते. मग हात थांबवायचे.

तिसरी गोष्ट, उठणं. आधी पालथं पडून किनाऱ्यापर्यंत यायचं. ते अंगवळणी पडलं की मगच उठायचं. दहाएक दिवसांनी अगाथाची भीड चेपली. पळत्या फळीवर ती आधी गुडघ्यांवर आली, मग उभं राहायला गेली आणि धपकन पडली. एकदा नव्हे, सहा वेळा. पडण्याचं तसं दुःख नव्हतं, पाणीच ते. पण फळीला दोरी नसायची. पडलं की फळी लांब जाणार, पोहत जाऊन ती आणायची, पुन्हा अर्धा फर्लांग वल्हवायचं आणि मग कुठे दुसरा प्रयत्न. खांदे आधीच दुखणारे. सहा वेळा एवढं करणं ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही.

पण मग तो दिवस आला. लाट बरोबर होती, वेग बरोबर होता. ती गुडघ्यांवर आली, पायांवर उभी राहिली आणि तशीच, ताठ उभी, किनाऱ्यापर्यंत आली. तासाला शेकडो मैल वेगानं चालल्यासारखं वाटलं, असं काहीसं तिनं लिहिलंय. शरीराला मिळणाऱ्या आनंदांमध्ये तिनं या आनंदाला फार वरची जागा दिली. पुढे अमाप यश मिळालेली बाई हे सांगतेय, हे महत्त्वाचं. या विजयाला टाळ्या नव्हत्या, पैसे नव्हते. कुणाची आई, कुणाची बायको म्हणूनही तो मिळालेला नव्हता. तो निव्वळ तिचा होता.

घरी परतल्यावर

हवाईनंतर कॅनडा. तिथे पैशांची इतकी चणचण झाली की अगाथा हॉटेलमध्ये सकाळची न्याहारी भरपेट करायची आणि पुढे दिवसभर गरम पाण्यात मांसाचा अर्क कालवून त्या सुपावर भागवायची.

डिसेंबर १९२२ मध्ये दोघं घरी आले. रोझलिंड आता तीन वर्षांची झाली होती. तिनं आईबापांकडे परक्या माणसांकडे बघावं तसं बघितलं आणि मावशी हवी म्हणाली. अगाथानं हे लपवलेलं नाही. मिळालेल्या आनंदाची किंमत होती आणि ती तिनं मोजली. आर्चीलाही बरेच दिवस नोकरी मिळेना, घरात चिडचिड सुरू झाली.

पण हा दौरा वाया गेला नाही. १९२४ साली तिची 'द मॅन इन द ब्राऊन सूट' ही कादंबरी आली. तिची नायिका ॲन ही एकटी, धाडसी मुलगी दक्षिण आफ्रिकेला जाते आणि म्युझेनबर्गला सर्फिंग करताना चांगलीच आपटी खाते! ही कादंबरी क्रमशः छापण्यासाठी एका वर्तमानपत्रानं पाचशे पौंड दिले. त्यातून अगाथानं स्वतःची मॉरिस मोटार घेतली आणि ती चालवायला शिकली. बाईनं स्वतःच्या कमाईतून मोटार घेणं ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट.

सगळ्यात मोठी लाट

१९२६ साल मात्र तिला बुडवायलाच आलं होतं. एप्रिलमध्ये आई गेली. अगाथा ॲशफिल्डला जाऊन राहिली. आईच्या साड्या आवराव्यात तसे ट्रंका, कपडे, जुनी पत्रं आवरत ती तिथे महिनोन् महिने एकटी होती. रडत होती, झोप नाही, जेवण नाही. आर्ची लंडनकडे. दुःखाची माणसं त्याला सोसायची नाहीत. ऑगस्टमध्ये तो आला तो दुसऱ्या बाईवर प्रेम बसलंय, घटस्फोट हवाय, हे सांगायलाच. तिचं नाव नॅन्सी नील. आईनं दिलेला इशारा असा, आईचंच घर आवरताना खरा ठरला. पण दोष कुणाचा, दुःखात बसलेल्या बायकोचा की तिला एकटं सोडणाऱ्या नवऱ्याचा, हे आपण ठरवायचं.

३ डिसेंबर १९२६ च्या रात्री अगाथा गाडी घेऊन घराबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी मॉरिस गाडी सरे परगण्यात एका खाणीच्या कडेला सापडली. आत बाई नाही. पोलीस आणि हजारो लोक रानोमाळ शोधत होते, वर्तमानपत्रांना ऊत आला होता. अकरा दिवसांनी ती दूर हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली. तिथल्या नोंदवहीत तिनं नाव लिहिलं होतं मिसेस नील. आणि गाव? केपटाऊन. जिथे चारच वर्षांपूर्वी ती आणि आर्ची लाटांवर पडत होते, हसत होते, ते गाव.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं. लोकांनी प्रसिद्धीचा स्टंट म्हणून तिला झोडपलं. आत्मचरित्रात या अकरा दिवसांवर तिनं एक अक्षर लिहिलेलं नाही.

पुन्हा पाण्याकडे

१९२७ च्या सुरुवातीला लेकीला आणि सेक्रेटरीला घेऊन ती कॅनरी बेटांवर गेली. पैसे हवे होते, म्हणजे पुस्तक पुरं करायला हवं होतं. लिहायची अजिबात इच्छा नव्हती, लिहिलेलं आवडत नव्हतं. तरी तिनं 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' पुढे रेटलं. हौशी लेखिकेची आपण व्यावसायिक लेखिका झालो ती याच वेळी, असं तिचं म्हणणं. मन नसतानाही काम करायचं, हा धंद्याचा नियम ती तिथे शिकली.

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. त्या शरद ऋतूत तिनं वेस्ट इंडिजची तिकिटं काढली होती. जेवणाच्या टेबलावर कुणीतरी बगदादचं वर्णन केलं आणि दुसऱ्या दिवशी तिनं ती तिकिटं बदलून ओरिएंट एक्स्प्रेसचं आरक्षण केलं. एकटीनं! इराकमध्ये उर इथलं उत्खनन पाहिलं. १९३० मध्ये ती पुन्हा तिथे गेली तेव्हा मॅक्स मॅलोवन हा तरुण पुरातत्त्वज्ञ भेटला. तिच्याहून चौदा वर्षांनी लहान.

त्याला तिला वाळवंटातली ठिकाणं दाखवायला पाठवलं होतं. वाटेत एक निळं तळं लागलं. उकाडा असह्य. अगाथाला पोहावंसं वाटलं, पण पोशाख नव्हता. मग तिनं आतल्याच कपड्यांचा जुगाड करून पोहण्याचा पोशाख बनवला आणि गेली पाण्यात! पुढे गाडी वाळूत रुतली. तेव्हा कुरकुर न करता ती गाडीच्या सावलीत आडवी होऊन चक्क झोपली. हीच आपली बायको, हे मॅक्सनं त्या दिवशी ठरवलं म्हणतात. ११ सप्टेंबर १९३० ला त्यांचं लग्न झालं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. पुढे नवऱ्याच्या उत्खननांवर ती फोटो काढायची, पुराणी हस्तिदंती नक्षी चेहऱ्याचं क्रीम लावून हलक्या हातानं साफ करायची आणि उरलेल्या वेळात लिहायची.

१९३८ मध्ये तिनं डार्ट नदीकाठी ग्रीनवे हे घर घेतलं. पुन्हा पाण्याशेजारी. १२ जानेवारी १९७६ ला ती गेली, तेव्हा मागे ६६ रहस्य कादंबऱ्या होत्या आणि १९५२ पासून लंडनमध्ये सुरू असलेलं 'द माउसट्रॅप' हे नाटक. कोविडच्या काळातली सक्तीची विश्रांती सोडली तर ते पुढेही चालतच राहिलं.

तिच्या आयुष्याकडे बघताना सर्फिंग ही किरकोळ हौस वाटेल. मला तसं वाटत नाही. एकतिसाव्या वर्षी, एका लेकराच्या आईनं, काहीच येत नसलेल्या ठिकाणी नवशिकी म्हणून उभं राहणं आणि सहा वेळा पडून सातव्यांदा फळी आणायला पोहत जाणं, याला मन लागतं. आपल्याकडे वयाच्या तिशीत शिकणं संपलं असं धरून चालतात. स्कूटी असो, पोहणं असो की कॉम्प्युटर, आता काय करायचंय शिकून, हेच ऐकू येतं. पडलो तर लोक हसतील, ही भीती पडण्याहून मोठी असते. अगाथा किनाऱ्यावरच्या लोकांसमोर फाटक्या पोशाखात बाहेर आली आणि नवा पोशाख घेऊन पुन्हा पाण्यात गेली.

लाटेवर पहिल्यांदा जाताना

सर्फिंग आता आपल्यापासून फार दूर राहिलेलं नाही. कर्नाटकात मुल्की आणि तमिळनाडूत चेन्नईजवळचं कोवलम इथे शिकवण्याची सोय आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला. कुणाला करून बघायचं असेल, किंवा लेकीला पाठवायचं असेल, तर एवढं लक्षात ठेवा.

* पोहता यायलाच हवं. आणि पहिले दिवस शिक्षकाशिवाय उतरायचं नाही.

* सुरुवात मऊ फोमच्या, लांब-रुंद फळीवर. ती सहज डगमगत नाही आणि डोक्याला लागली तरी इजा कमी. फळीची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची. अगाथाला ही सोय नव्हती!

* उठण्याचा सराव घरी चटईवर करता येतो. पालथं झोपा, तळहात छातीच्या दोन्ही बाजूंना टेका, भुजंगासनात उचलतो तशी छाती उचला. मग एका झटक्यात पुढचं पाऊल दोन्ही हातांच्या मध्ये आणा आणि अंग आडवं करून उभ्या राहा. गुडघे वाकलेले, हात मोकळे.

* कुठला पाय पुढे ठेवायचा? मैत्रिणीला मागून हलकेच ढकलायला सांगा. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो, तोच बहुतेक तुमचा पुढचा पाय.

* नजर किनाऱ्यावर ठेवा. पायांकडे बघितलं की तोल गेलाच.

* आधी कमरेइतक्या पाण्यात, फुटून आलेल्या पांढऱ्या लाटांवर शिका. फळी कधीही आपल्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये धरू नका, लाट ती अंगावर फेकते.

* पडताना डोक्यावर नको, अंग पसरून पडा. पाण्यातून वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती धरा.

* एका लाटेवर एकच माणूस. कुणी आधीच लाटेवर असेल तर आपण थांबायचं.

* पाणी आत ओढू लागलं तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका, दमून जाल. फळी सोडू नका, हात वर करून मदत मागा. पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढ संपली की बाहेर या.

* पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या समुद्रात उतरायचं नाही. जीवरक्षक नको म्हणाले की नको.

* पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग चालतं. उन्हाचं क्रीम विसरू नका.